आई ॲडजस्ट करत नाही

माझी आई शिलाई मशीनची मेकॅनिक. कपडे शिवायच्या कारखान्यात ती एकटीच बाई मेकॅनिक होती. अंबाड्यात पेचकस खोचलेला असायचा, म्हणून कामावर तिला सगळ्या पेचकसताई म्हणत. हा धंदा तिला आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी शिकवला. आजोबांचं दुकान जिन्याखाली होतं. उभं राहायचं तर मान वाकवावी लागे. आई शाळेतून आली की दप्तर टाकून तिथे जाऊन बसायची. टाका का सुटतोय, दोरा का तुटतोय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. दोऱ्याच्या ताणाला मशीनवाले टेन्शन म्हणतात. ‘ही पोरगी मशीनचं टेन्शन काढते आणि माझं वाढवते,’ असं तिची आई म्हणायची.

आईचं लग्न झालं ते दोन खोल्यांच्या घरात. बाहेरच्या खोलीत मोठे काका, काकू, त्यांची मुलं आणि माझी आजी. आई-बाबांची खाट स्वयंपाकघरात. खाटेची पायाकडची बाजू ओट्याखाली जायची, त्यामुळे बाबा पाय पसरून झोपले की त्यांचे तळवे डब्यांना लागत. सून घरात आली त्या दिवशी आजीने तिला सांगितलं, ‘थोडे दिवस ॲडजस्ट करून घ्या. मोठा आपली सोय बघतोच आहे.’

मोठ्या काकांनी सोय काही बघितली नाही. मी जन्मले, रांगले, शाळेत जायला लागले, आणि त्याच खाटेच्या एका कडेला अभ्यास करत कॉलेजात गेले. थोडे दिवस काही संपले नाहीत.

आमच्या घरात हा शब्द मिठासारखा वापरात होता. काकूची बहीण मुक्कामाला आली, ॲडजस्ट करा. मीटरचं बिल मोठ्या काकांनी भरलं नाही, ॲडजस्ट करा. दवाखान्यातल्या बाकावर तीन माणसं बसलेली असली तरी चौथा यायचा आणि अर्धा पार्श्वभाग टेकवून म्हणायचा, ‘जरा ॲडजस्ट करा हो.’ मराठीत ‘जुळवून घे’ आहे, ‘सांभाळून घे’ आहे, ‘चालवून घे’ आहे. पण ते म्हणताना सांगणाऱ्याला थोडी तरी लाज वाटते. इंग्रजी शब्दाला तेवढी लाज चिकटलेली नसते. शिवाय तो कुणी कुणाला सांगायचा हे ठरलेलंच होतं. आईने मोठ्या काकांना ‘ॲडजस्ट करा’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

आई ऐकून घ्यायची. भांडायची नाही. भांडी मात्र जरा जोरात लावायची.

मी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं त्या वर्षी कारखान्यात नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं एका ओळीत लागे. त्याने शिवणकामाच्या हॉलमधली जुनी टेबलं काढून नवी लोखंडी टेबलं आणली, सगळी एकाच उंचीची. त्यांच्या कडेने पत्र्याची एक लांब पन्हळ बसवली. एकीने बाही जोडली की तुकडा पन्हळीत टाकायचा, तो घसरत पुढचीकडे जाणार. उठायला नको, हाका मारायला नकोत. कामाला वेगही आला, हे आईसुद्धा मान्य करायची.

पण बायका काही एका उंचीच्या नव्हत्या. कॉलर शिवणारी एक होती. अंगाने एवढीशी, तोंडाने हॉलभर. तिला सगळे कॉलरवाली म्हणत. नव्या टेबलावर तिचे खांदे कानापर्यंत वर जायचे. तिने स्टुलावर उशी घेतली, तर पाय पेडलला पोचेनात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला, तर तो सरकायला लागला. तिने मॅनेजरला सांगितलं. तो हसून म्हणाला, ‘नवीन आहे म्हणून जड जातंय. थोडं ॲडजस्ट करा, होईल सवय.’

आईने त्याच्यापुढे दुसरा उपाय मांडला. टेबलाच्या पायांना भोकं होती, चार बोल्ट काढले की टेबल खाली घेता येत होतं.

‘आणि पन्हळ?’ मॅनेजर म्हणाला. ‘एक टेबल खाली गेलं की माल अडकणार. बोल्टला कुणी हात लावायचा नाही, ताई.’

आई घरी आली ती तणतणत. हात धुताना मला म्हणाली, ‘तुझ्या त्या जाड डिक्शनरीत बघ गं, ॲडजस्ट म्हणजे काय लिहिलंय.’

‘तुला माहीत नाही?’

‘मला माझा अर्थ माहीत आहे. मी दिवसभर मशीन ॲडजस्टच करते. पण हे लोक जे म्हणतात ते काय, ते बघ.’

कॉलेजच्या लायब्ररीत शब्दांची कुळं सांगणारा मोठा कोश होता. दुसऱ्या दिवशी मी तो उघडला. रविवारी दुपारी आई खाटेवर बसून हत्यारांच्या पेटीतले पाने तेलाच्या फडक्याने पुसत होती, तेव्हा मी तिला सांगायला बसले. शब्द लॅटिनमधून निघाला. तिथे त्याच्या पोटात ‘जवळ’ असा शब्द आहे, म्हणजे एखादी गोष्ट दुसरीच्या जवळ आणून ठेवणं. तो फ्रेंचांकडे गेला. तिथल्या लोकांना वाटलं, याचं नातं ‘न्याय्य’ या अर्थाच्या शब्दाशी असणार, कारण दोन्ही कानाला सारखे लागतात. नातं नव्हतं, पण समजूत चिकटली ती चिकटली. मग इंग्रजीत तो आला तो चुकलेलं नीट करणं, प्रमाणात आणणं अशा अर्थाने. वजनं, मापं, घड्याळं ॲडजस्ट व्हायला लागली.

‘आणि माणसं?’ आईने विचारलं.

‘माणसाने स्वतःच सवय करून घ्यायची, हा अर्थ फार उशिरा आलाय. जवळजवळ गेल्या शतकातला.’

आईने पाना खाली ठेवला. ‘म्हणजे इतकी वर्षं वस्तू ॲडजस्ट व्हायच्या.’

‘अगदी तसंच नाही गं, पण...’

‘जवळ आणायचं म्हणालीस ना? कुणी कुणाच्या जवळ यायचं?’

‘ते नाही लिहिलेलं.’

‘नसणारच,’ आई म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली.

त्याच आठवड्यात कॉलरवालीच्या बोटात सुई घुसली. खांदे वर धरून धरून हात बधिर झाला होता, बोट कुठे आहे ते तिला कळलंच नाही. सुई हाडापाशी मोडली. पट्टी बांधून ती परत कामावर आली तेव्हा टेबल होतं तिथेच होतं, आणि मॅनेजरने तिला ‘लक्ष देऊन काम करा’ असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई घंटा व्हायच्या आत हॉलमध्ये गेली आणि कॉलरवालीचं टेबल चार बोटं खाली घेतलं.

कॉलरवाली येऊन बसली. खांदे खाली, पाय पेडलवर. तिने कोपर टेबलावर टेकवून बघितलं आणि एकदम शिवीच हासडली. आनंदाची होती ती. पण मागचीने तुकडा टाकला, तो पन्हळीच्या तोंडाशी येऊन खाली पडला. मग दुसरा पडला. थोड्याच वेळात तिच्या पायाशी बाह्यांचा ढीग झाला, आणि मॅनेजर आला.

‘हे कुणी केलं?’

‘मी,’ आई म्हणाली.

‘मी नाही म्हणून सांगितलं होतं.’

‘सांगितलं होतं.’

‘मग पहिल्यासारखं करा.’

‘मी नाही करणार.’

त्याने दुसऱ्या मेकॅनिकला हाक मारली. तो आईहून वयाने मोठा, मिशीवाला, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो आला, टेबलाकडे बघितलं, कॉलरवालीच्या पट्टीकडे बघितलं, आणि दोन्ही हात पाठीवर ठेवून म्हणाला, ‘साहेब, माझी कंबर धरलीय. वाकता येत नाही.’ सकाळीच तो डोक्यावर मोटर घेऊन जिना चढला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. ‘ताई, तुमचं काम चांगलं आहे, पण तुमची अडचण काय आहे सांगू? तुम्ही ॲडजस्ट करत नाही.’

मग आई बोलली. मला हे कॉलरवालीने सांगितलं. आईने स्वतः कधी सांगितलं नाही.

‘साहेब, मी दुसरं काही करतच नाही. दोरा जाड असला की मी टेन्शन बदलते, कापड जड असलं की दाब बदलते. कापडाला कधी म्हटलं नाही, बाबा रे, तू पातळ हो. लोखंडाला भोकं पाडलेली आहेत, माणसाला नाहीत. टेबल हिच्याजवळ आणा. हिला टेबलाजवळ नेऊन बघितलंत, तिच्या बोटात सुई मोडली.’

‘तुम्ही घरी जा.’

‘नाही जात,’ आई म्हणाली, आणि कॉलरवालीच्या शेजारी जमिनीवर, बाह्यांच्या ढिगाजवळ, मांडी घालून बसली.

आधी कॉलरवालीने पेडलवरचा पाय काढला. मग तिच्या मागचीने, मग खिडकीकडच्या रांगेने. एकेक मशीन थांबत गेलं. त्या हॉलमध्ये पंख्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकू यायला लागला. उंच बायकांना टेबलाचा काही त्रास नव्हता. त्याही थांबल्या. एक जण म्हणाली, ‘आम्हाला पण कंबर आहे.’ आणि सगळ्या हसल्या. ते हसू मॅनेजरला फार लागलं असणार.

दुपारी मालक आला. त्याला कोटांची मोठी ऑर्डर वेळेत पाठवायची होती, न्याय-अन्यायाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याने एक पत्रेवाला बोलावला. पत्रेवाल्याने पन्हळ मधेच कापली, जिथे टेबल खाली तिथे वाकवून जोडली आणि हात झटकले. दोन दिवसांत ज्यांना हवी त्यांची टेबलं खाली आली. एवढंच काम होतं.

पण मॅनेजरचं नाक कापलं गेलं होतं, ते जोडायला पत्रेवाला नव्हता. त्याने आईला केबिनमध्ये बोलावलं. हॉलमधून काढून गोदामात बसवतो म्हणाला, बटणं मोजायला. वर माफी मागायची, सगळ्यांसमोर. ‘आम्ही तुम्हाला तिथे ॲडजस्ट करून घेऊ,’ असं म्हणाला तो. मुद्दाम म्हणाला की सवयीने, देव जाणे.

‘माफी कशाची?’ आईने विचारलं.

‘शिस्त मोडल्याची.’

‘शिस्त मोडली खरी,’ आई म्हणाली, ‘पण त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटत नसताना कसं म्हणू?’

त्या संध्याकाळी तिची नोकरी गेली. हत्यारांची पेटी तिची स्वतःची होती, ती उचलून ती निघाली. बायका फाटकापर्यंत आल्या. कॉलरवाली रडली आणि रडता रडता मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

घरी येऊन आईने केबिनमधलं बोलणं आणि नोकरी गेल्याचं सांगितलं. आजीने कपाळाला हात लावला. मोठे काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘बरं झालं. आता घरी आहेसच तर मोठ्याचं टेबल आत ओट्यापाशी लावू. त्याला परीक्षेला शांतता लागते. तुमची खाट जरा भिंतीकडे सरकवा, ॲडजस्ट होईल.’ मोठा म्हणजे त्यांचा थोरला मुलगा.

आई उठली. स्वयंपाकघरात गेली, गादी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि खाटेचं एक टोक उचलून बाहेरच्या खोलीच्या दिशेने ओढायला लागली. खाट दारात अडकली.

बाबा बस कंडक्टर होते. दिवसभर ओरडून घसा बसलेला, म्हणून घरी ते बोलत नसत, निदान आम्ही कारण तेच समजत होतो. ते उठले. मला वाटलं, आता आईला थांबवणार. त्यांनी खाटेचं दुसरं टोक धरलं, तिरकं केलं आणि म्हणाले, ‘अशी घे. आधी पाय बाहेर काढ.’

मोठे काका उभे राहिले. ‘हे काय चाललंय?’

‘आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीखाली झोपणार,’ आई म्हणाली. ‘पोरगी इथे अभ्यास करेल. तुमचा मोठा तिकडे, तिच्या जागी. ओटा मी आवरून ठेवलाय.’

‘आमच्या आईला विचारलंस?’

‘मला कुणी विचारलं होतं?’

फार मोठं भांडण झालं. काकू आमच्याशी बोलेनाशी झाली. पण खाट खिडकीखालून हलली नाही. वर्ष सरायच्या आत मोठ्या काकांनी भाड्याचं घर घेतलं. जायचंच होतं तर आधीच का गेले नाहीत, असं बाबा एकदा म्हणाले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

कारखान्यात मॅनेजर अजूनही आहे, केस पिकलेत. टेबलं खालीवरच आहेत. आईला परत कुणी बोलावलं नाही आणि तिनेही चौकशी केली नाही. तिने चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात अर्धी जागा घेतली. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, आत डोकावायचं आणि विचारायचं, ‘मेकॅनिक कधी येतील?’ आई म्हणायची, ‘आलेत. मशीन ठेवा.’ कित्येक जण मशीन घेऊन परत गेले. काही राहिले.

आता तिचे गुडघे दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, तरी दुकान रोज उघडतं. सध्या तिचं दुकानाच्या जागामालकाशी वाजलंय. त्याला तिच्या अर्ध्या जागेत थंड पेयांचा फ्रिज ठेवायचाय. काल दुपारी मी डबा घेऊन गेले तर फ्रिज पायरीवर उभा होता, दोन हमाल घाम पुसत होते, मालक हातवारे करत होता, आणि आई उंबरठ्यावर आडवं स्टूल टाकून, त्यावर बसून, कुणाच्या तरी मशीनचा दोरा ओवत होती. मला बघून म्हणाली, ‘डबा इथेच दे. आज आत जाऊन जेवता येणार नाही.’