शेजारच्या चुलीवरची कॉफी

ताई, गुडघा कसा आहे? दादा, खोकला थांबला का?

आज इथे पिंपरीत शेजारच्या सुमनचे वडील गावाहून आले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांची रीत. लग्नाला सहा वर्षं झालेली सुमन रडवेली झाली.

मी त्यांना माझ्या ओट्यावर बसवलं आणि सुमनला माझ्या चुलीपाशी पिटाळलं. तिने पातेल्यात कॉफी उकळली, गार पाण्याचा हबका मारून चोथा खाली बसवला, वर जायफळ किसलं.

कप मीच नेला. "घ्या अण्णा. हे पाणी नाही, अन् घरही लेकीचं नाही!"

एक घोट घेऊन ते थांबले. मग दाराकडे बघत म्हणाले, "सुमे, आईसारखीच केलीस गं. अजून हाय का?"

रीत मोडली की राहिली? तुम्हीच सांगा, पण पत्र लवकर टाका.