नगरला निघालेला माड

कळव्याचे आमचे शेजारी काका काहीही ऐकताना डोळे मिटून "बरं, बरं" म्हणत. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी. असा श्रोता मला दुसरा कुठे मिळणार? नगरला सासरी असलेल्या लेकीसाठी त्यांनी माडाचं रोप काढलं, तेव्हा मी हवामान समजावू लागलो. किनाऱ्याला दमट हवा म्हणून माड, घाटात पाऊस म्हणून दाट रान, पलीकडे कोरडं म्हणून बाभळी.

"काका, तिकडे ते जगणार नाही."

"बरं, बरं. तिकडं पोरीचा जीव रमत नाय रे. जगंल तवर बघंल तरी." त्यांनी रोप माझ्याच हाती दिलं. "तू पुण्याला चाललायस ना? जावई येईल ठेसनावर."

गाडी घाट चढू लागली तसा गार वारा आत आला. शास्त्राप्रमाणे मरणाऱ्या त्या रोपाला मी माझं नवं उपरणं गुंडाळलं आणि पुण्यापर्यंत कुडकुडत बसलो.