एका माशाला अडीच फूट

मामा आधी हाताचा पंजा गिऱ्हाईकाच्या तोंडासमोर धरायचे. काच कापून कापून चिरा पडलेला, खरखरीत पंजा. "मासा आज बोटाएवढा हाय. दोन वर्सांनी एवढा हुनार. मंग त्यो तुमच्या त्या भांड्यात वळनार कसा, सांगा बरं." गिऱ्हाईक हसायचं. मी माझ्या काउंटरमागे दात-ओठ खायचो.

तिसगावच्या पेठेत माझं रंगीत माशांचं दुकान आणि बरोबर समोर मामांचं काचेचं. खिडक्यांच्या काचा, देवांच्या तसबिरी आणि सांगाल त्या मापाची माशांची टाकी. खरं तर आमची जोडी जमायला हवी होती. मासा माझा, टाकी त्यांची. पण टाकीसाठी मी गिऱ्हाईक तिकडे पाठवावं आणि त्यानं रस्ता ओलांडून परत येऊन मला सांगावं, "मामा म्हणाले, आधी जागा करा, मग मासा आणा." आयजीच्या जिवावर बायजी उदार! विक्री माझी बुडायची आणि भला माणूस म्हणून नाव त्यांचं व्हायचं.

एका गुरुजींनी नवं घर बांधलं. कोपऱ्यात मावेल अशी उंच, अरुंद टाकी त्यांना हवी होती. मामा म्हणाले, "लांब करा, उंच नगं. ह्यो मासा गुबगुबीत, त्याला चढ-उतार झेपत न्हाई. आन् हवा पान्याच्या वरल्या अंगानं मिळती, उंचीनं न्हाई." जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता. घरी जाऊन त्यांनी तीन फुटी टाकीसाठी सोफा हलवला आणि वर ते सगळ्या पेठेला सांगत सुटले. मला माझ्या घरात साधं कपाट हलवू देत नाहीत. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

तुम्ही कधी गोल्डफिश घ्यायला गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे मासे शोभेला कमी आणि वास्तूला जास्त घेतात. आठ सोनेरी, एक काळा. काळा मेला तर दुकानदाराला कुणी बोल लावत नाही, कारण घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं असं मानतात. गिऱ्हाईक हळहळत आलं की मी हात जोडून म्हणायचो, "बरं झालं, तुमच्यावरचं टळलं." आणि दुसरा पिशवीत घालून द्यायचो. असा धंदा दुसरा कुठला आहे, सांगा. माल मेला तर गिऱ्हाईक आभार मानतं!

मामांनी त्यावरच पाणी फिरवलं. "संकट-बिंकट काय न्हाई. पानी कमी पडलं, त्याचीच घान त्याला बाधली. नऊ माशांना सा फुटी टाकी लागंल. घरात बाज ठेवता का टाकी, ते ठरवा." सांगायचे कसं, तर सासरी निघालेल्या लेकीला समजावावं तसं. अशा माणसाचा राग कुणाला येणार? मला यायचा.

माझी श्रावणी तेव्हा चौथीत होती. वाढदिवसाला मी तिला दुकानातलं गोल काचेचं भांडं आणि दोन मासे दिले. महिन्याभरात एक मेला. ती रडायला लागली, तेव्हा माझ्या तोंडात बसलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं. "रडू नको बेटा. आपल्यावरचं संकट त्यानं घेतलं." तिनं डोळे पुसले. मला वाटलं, मिटलं.

दिवाळीनंतर तिच्या आईचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस मी नगरच्या दवाखान्यात होतो आणि घरी श्रावणीजवळ तिची आत्या येऊन राहिली होती. पाचव्या दिवशी कपडे न्यायला घरी आलो, तर बाहेरच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं, त्यावर अडीच फुटी टाकी आणि आत तो एकटा मासा ऐटीत फिरतोय. श्रावणी शेजारी उभी होती आणि मामा वाकून फडक्यानं काच पुसत होते.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "एका माशाला अडीच फूट?"

"एकटा हाय म्हनून अडीच. दोन असते तर तीन सांगितली असती," मामा म्हणाले. मग मला दाराबाहेर घेऊन गेले. "चिडू नगा. पोरगी भांडं घेऊन दुकानात आल्ती. मासा वर तोंड काढून धापा टाकीत हुता. मला इचारती, आजोबा, ह्यो अजून मरत का न्हाई? चार दिस तिनं मुद्दाम पानी बदललं न्हाई. ह्यो मेला की आई बरी हुनार म्हनं."

मी वळून आत श्रावणीकडे पाहिलं.

"मी तिला सांगितलंय, मासा कुनाचं काय घेत न्हाई. आईला डॉक्टर बरं करत्यात. आता तुमी उलटं बोलू नगा. येवढं ऐका."

त्या माणसाचे पाय धरायला हवे होते. तुम्ही धरले असते. माझ्या मनात काय आलं, सांगू? ही पोरगी रस्ता ओलांडून समोर गेली. मला का नाही विचारलं? मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती सरळ म्हणाली, "तुम्ही तर आधीच सांगितलं होतं ना, पप्पा."

तिची आई बरी झाली. श्रावणी मात्र रोज शाळेतून आली की आधी समोर जायची. पाणी किती बदलू, दाणे किती टाकू, सगळं तिकडे. मामा तिला पंजा दाखवायचे, ती आपला पंजा त्यावर ठेवून मापायची. मी इकडून बघायचो. संकटाचं ते वाक्य मी तिच्यादेखत म्हणणं सोडलं. ती शाळेत असली की म्हणतो. खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. त्यांच्या दारात श्रावणी अशी रडली की बायाबापड्या तिलाच सावरू लागल्या. मी मेलो तर ही एवढी रडेल का, असं माझ्या मनात आलं. मेलेल्या माणसाचा हेवा! लाज वाटली, पण आलं खरं.

पंधरा दिवसांनी ती सकाळी टाकीसमोर खिळून उभी होती. माशाच्या शेपटीवर पांढरे ठिपके आले होते. काचेला नाक लावून तिनं ते नीट पाहिले, मग मामांच्या दुकानाच्या बंद शटरकडे पाहावं तशी रस्त्याच्या दिशेला वळली आणि रडवेली होऊन म्हणाली, "आता विचारायचं कुणाला?"

अकरा वर्षं मासे विकणारा तिचा बाप तिच्या शेजारीच उभा होता.