झाकलेलं नाव

आमच्या हॉस्पिटलातल्या सगळ्या पेशंटची माहिती क्लाउडवरच्या एका मोठ्या साठ्यात जमते. त्याला डेटा लेक म्हणतात. ती अभ्यासकांच्या हाती जाण्याआधी नावं आणि फोन नंबर झाकायचे, हे माझं काम. नावाच्या जागी नुसत्या फुल्या उरतात.

काल एका ओळीवर थबकले. नावावर फुल्या होत्या, पण गाव माझंच, आणि व्यवसाय बांगडीविक्री. आमच्या गावात बांगड्या भरणारी एकच, कासारकाकू. माझ्या मनगटात पहिल्या बांगड्या तिनेच भरल्या. पुढच्या रकान्यात आजार लिहिलेला होता.

आई कधी बाबांचं नाव घेत नाही. "हे जेवायचे राहिलेत," एवढंच म्हणते आणि अख्ख्या आळीला कोण ते कळतं. नाव झाकलं म्हणून माणूस कुठे झाकला जातो? तो गावात उरतो, हातातल्या कामात उरतो.

मी गाव झाकलं, व्यवसायही झाकला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कासारकाकू फार वाळलीय गं. विचारलं तर म्हणते, उन्हाचा त्रास. तुला काय वाटतं?"

"उन्हाचाच असेल," मी म्हणाले.