कमानींची कड

कॅथरिनच्या पोटात दुखायला लागलं ते बेला मुंबईहून परत आल्यापासून.

नायगावच्या चर्चमध्ये सणाला वेदीवर जी नवी पांढरी चादर अंथरतात, ती दरवर्षी कॅथरिनच्या हातची. कडेला छोट्या छोट्या अर्धगोल कमानी. वाटी उपडी ठेवून पेन्सिलीनं आखायच्या, मग बारीक टाक्यांनी बांधून घ्यायच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचं. कौतुक मात्र कुणी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणि ही बेला! मुंबईत एका मडमेच्या शिवणकामाच्या दुकानात होती. देश स्वतंत्र झाला, मडम मायदेशी गेली, आणि ही बया एक इंग्रजी शब्द घेऊन गावात परतली: ‘स्कॅलप्ड’. शिंपल्याच्या काठासारखी ओळीनं गोलाई असलेली कड, ती म्हणे स्कॅलप्ड. फ्रॉकची कॉलर स्कॅलप्ड, पडद्याची झालर स्कॅलप्ड, एवढंच काय, नाताळातल्या करंजीची मुरडसुद्धा स्कॅलप्ड! चार दिवसांत विहिरीवर बायका तो शब्द चघळू लागल्या. कॅथरिनचा नवरा लुईस, ज्यानं बायकोच्या शिवणाकडं कधी मान वळवून पाहिलं नाही, तोही म्हणाला, “बेला लय हुशार पोरगी.”

कॅथरिनचा तिळपापड झाला. “जन्म घालवला मी त्या कमानींत, पन नाव झालं तिचं!”

तिनं ठरवून टाकलं, यंदा कमानी नाहीत. सरळ कड दुमडायची. वेदी बोडकी दिसली की कळेल गावाला, हात कुणाचा होता ते.

सणाच्या दिवशी ती मुद्दाम पुढं बसली. मिस्सा संपली तरी कुणी चकार शब्द काढला नाही. फादर तर हसून म्हणाले, “कॅथरिन, चादर दरवर्षीसारखीच सुंदर हं.”

दाराशी बेला आडवी आली. “मावशी, कमानी कुठं गेल्या? लहानपणी मी मिस्साभर त्याच बघत बसायचे. मडमेनं तो शब्द सांगितला ना, तेव्हा मला तुमची कडच डोळ्यांपुढं आली.”

कॅथरिन बघतच राहिली. अख्ख्या गावात दिसलं कुणाला, तर हिला! “बोटं दुखत होती,” एवढंच बोलून ती तरातरा चालू लागली. बेलाचा इतका राग तिला याआधी कधीच आला नव्हता.