नंबरमास्तरांचा तळवा
चेंडू तिथे असण्याला मी जबाबदार नव्हतो, एवढं आधीच सांगून ठेवतो. पुढचं सगळं मात्र मीच केलं. एका पायात नवा काळा बूट चढवून मी ऐटीत आरशाकडे निघालो होतो. काउंटरखालून एक रबरी चेंडू घरंगळत आला, त्यावर माझा पाय पडला आणि तोल सावरायला मी हाताला लागेल ते धरलं. ते खोक्यांचं रॅक होतं. रॅकने संगतीला जागून माझ्याबरोबरच लोळण घेतली. साठेक खोकी. झाकणं एकीकडे, बूट दुसरीकडे. सगळे काळे, सगळे नाडीवाले, सात नंबर आठ नंबरच्या गळ्यात गळा घालून पडलेले.

सगळ्यांनी माझ्याकडे नाही, नंबरमास्तरांकडे पाहिलं.

मास्तर या दुकानातले सगळ्यांत जुने विक्रेते. दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून ते त्याचा नंबर सांगत, म्हणून हे नाव. अठ्ठावीस वर्षं हा माणूस जगाच्या पायाशी बसला, पण त्यामुळे नम्र झाला असेल तर शपथ. आठ नंबरचा पाय सहात कोंबणाऱ्या बाईंना ते म्हणाले होते, "अर्धा पाय घरी ठेवून या, मग बघू." नऊ जोड उघडायला लावून 'जरा बाहेर बघून येतो' म्हणणाऱ्याला म्हणाले, "बघाच. पायही दुसरे मिळाले तर घेऊन टाका."

तेव्हा मालकांनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. "आणखी एका गिऱ्हाइकाला बोललात तर दुसऱ्या दिवसापासून तळघरात. खोकी मोजत बसा." ज्याला माणसं बघितल्याशिवाय दिवस जात नाही, त्याला ही जन्मठेपच.

बातमी मास्तरांच्या घरी पोचली आणि उपाय स्वतःच्या पायांनी चालत आला. मेहुणी. ती दोन रविवार रिफ्लेक्सॉलॉजी, म्हणजे तळवे दाबून दुखणी घालवायची विद्या, शिकली होती आणि तिसऱ्या रविवारी तज्ज्ञ झाली होती. तिने भिंतीवर तळव्याचा रंगीत नकाशा चिकटवला. तळवा कसला, सरकारी कचेरीच ती: अंगठ्यात मेंदूचं कार्यालय, टाचेत कंबर, मधल्या मजल्यावर यकृत, त्याला लागून मूत्रपिंडाची खोली. आणि बोटांमागच्या उंचवट्याखाली, बरोबर मधोमध, मनाचा ताण.

"भावोजी, इथे अंगठा रोवायचा, वीस आकडे मोजायचे, श्वास सोडायचा."

"आणि समोरचा बोलतच राहिला तर?"

"तर दुसरा पाय."

"तरीही बोलला तर?"

"तर मला फोन करा."

"त्यापेक्षा तो बोललेला परवडला," मास्तरांची बायको आतून म्हणाली.

मास्तरांना हसू आलं, पण पाठोपाठ तळघर आठवलं. जन्मभर दुसऱ्यांचे पाय हातात घेणाऱ्या माणसाने त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःचा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा, करंगळीला घट्टा, अंगठा वाकडा. सवयीने त्यांनी माप घेतलं आणि ओशाळले. पाय नऊ नंबरचा, आणि वर्षानुवर्षं घालत होते आठ, कारण दुकानात न खपलेले जोड त्याच मापाचे उरत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ नंबर घातला. अर्धा राग जुन्या बुटातच राहिला असावा. श्रेय अर्थात मेहुणीला गेलं.

गिऱ्हाइकादेखत तळवा दाबत बसणं बरं दिसेना, म्हणून काउंटरखाली रबरी चेंडू आला. वर मास्तर "हो साहेब, दाखवतो ना" म्हणत, आणि खाली बूट काढलेला पाय कणीक मळावी तसा चेंडू मळत असे. तीन महिने एकही टोमणा नाही. मालकांनाच धास्ती बसली, मास्तर दुसरीकडे नोकरी बघताहेत की काय.

आणि आता हा मी, साठ खोक्यांच्या मधोमध.

मास्तर काउंटरमागून बाहेर आले, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. त्यांनी ढीग पाहिला. मग मला पाहिलं. कानशिलं लाल झाली. केबिनमध्ये मालक उठून उभे राहिले. मास्तरांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. माप घ्यायच्या बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी मोजा काढला, तळव्यात अंगठा रोवला आणि मोजायला लागले. एक. दोन. अकराला कुणीतरी खोकलं. वीस. मग दुसरा बूट, दुसरा मोजा, पुन्हा एकपासून. मी आपला जमेल तशी झाकणं गोळा करत होतो. सावकाश मोजे चढवून ते उठले.

"साहेब," आवाज लोण्यासारखा, "बसा खाली. जोड्या लावू."

मालकही खाली बसले, आपल्या खुर्चीत. तळघर टळलं.

दोन तास आम्ही जमिनीवर मांडी घालून डाव्याला उजवा शोधत होतो, आणि मास्तरांची ही सगळी कहाणी मी तेव्हाच त्यांच्या तोंडून ऐकली. शेवटचं खोकं उरलं तेव्हा मला राहवेना.

"मास्तर, खरं सांगा, तिथे दाबलं की राग खरंच जातो?"

त्यांनी माझ्या हातातला बूट काढून घेतला, नंबर पाहिला, खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"राग कुठला जातोय, दोन्ही तळवे दाबून होईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं, तुम्ही तेवढे गेला नाहीत."