फणसाखालची पिंपळी

पाळी गावात आमच्या घरामागची फणसाखालची उतरण कायम उघडी असायची. सावली इतकी दाट की गवतही धरत नसे. पावसात तिथली तांबडी माती वाहून थेट न्हाणीच्या दारात यायची, आणि ती खोऱ्याने उपसणं हे माझं काम.

सासरे खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तसं त्यांचं बोलणंही आटलं. दिवसभर ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे.

एका श्रावणात पेडण्याला माहेरी गेले, तर आईच्या कुळागरात पोफळींच्या सावलीला पिंपळी जमीनभर पसरलेली. खोकल्याच्या काढ्यात घालतात तीच. तिचे वेल पिशवीतून आणले नि फणसाखाली लावले.

"बाय, त्या काळोखात काय रुजतला?" सासरे एवढंच म्हणाले.

महिन्याभरात निम्मे वेल सुकले, काही कोंबड्यांनी उकरले. मी नाद सोडला. पण एका सकाळी सासरेच उतरणीवर उकिडवे बसलेले दिसले.

"हे बघ. जिथे पेर मातीक टेकला, तिथेच मूळ सुटला. बाकीचो वेल अधांतरी, म्हणून मेलो. तुझ्या केसांच्या पिना दे बघू."

मी डबीच आणून दिली. एकेक पेर त्यांनी पिनेने मातीत दाबून बसवलं. पिना संपल्यावर तारेचे तुकडे वाकवले. कोंबड्या येऊ नयेत म्हणून भोवती जाळी ठोकली. उन्हाळाभर बादलीने पाणी घातलं. जेवताना आपणहून सांगू लागले, "आज वरच्या धोंड्यापर्यंत पोचली." इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज ऐकून माझा घास हातातच राहायचा.

पुढच्या पावसाळ्यात माती आली, पण निम्मीच. त्यानंतरच्या वर्षी पाणी जवळजवळ नितळ उतरलं. अख्ख्या उतरणीवर हिरवी, विड्याच्या पानासारखी चकचकीत पानं.

यंदा मयेहून त्यांचे एक जुने सोबती आले. तेही खाणीवरचे ड्रायव्हर, तेही गप्प झालेले. सासऱ्यांनी त्यांना चहाआधीच मागे नेलं. तासभर दोघं पेरं दाखवत, बघत बसले. रविवारी वेलांची मोळी बांधून स्कूटरवरून दोघे मयेला गेले.

संध्याकाळी सासरे परतले ते गुडघ्यापर्यंत मातीने माखून.

"त्यांच्या विहिरीकडे चांगली सावली आसा," पाय धुताधुता म्हणाले. "बरी पसरतली."